फक्कीने आखलेलं घर: पाथर्डीच्या प्लॉटच्या नोंदी

रविवार, १९ जानेवारी २०२५

प्लॉट घेऊन सहा वर्षं झाली. नाशिकचं पाथर्डी शिवार, १२ मीटर बाय १८ मीटर, म्हणजे २१६ चौरस मीटर. रोजच्या बोलण्यात २,३२५ चौरस फूट. रस्ता उत्तरेला. मावळतीकडे पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. इतक्या वर्षांत तिथे बाभळी आणि शेजारच्या बांधकामाचा राडारोडा, एवढंच काय ते उगवलं. धाकटा दहावीला जायच्या आत घर झालंच पाहिजे, असं बायकोने दिवाळीत जाहीर केलं. म्हणून ही वही.

सध्याचं घर सिडकोच्या चौथ्या स्कीममधलं. अण्णा सातपूरला कारखान्यात होते तेव्हा घेतलेलं. मूळच्या दोन खोल्या; नंतर मागे एक वाढवली, वर एक चढवली. सहा माणसं. पंचवीस-तीस वर्षांत रस्त्यावर डांबराचे इतके थर चढले, की आता रस्ता वर आणि उंबरा खाली. जोराचा पाऊस आला की दारात पोतं लावायचं. नव्या घराचं जोतं उंच घ्यायचं, हा पहिला मुद्दा अण्णांनी लिहायला लावला.

शनिवार, १ फेब्रुवारी

ओळखीतल्या एकाने चार दिवसांत नकाशा काढून दिला. बघायला झकास. हॉल २० बाय १४, तीन बेडरूम, तिन्हींना अटॅच संडास-बाथरूम, सोफे आणि कुंड्याही काढलेल्या.

मी अंबडला कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, मापं तपासायचं काम. ड्रॉइंग समोर आलं की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. खोलीची मापं त्याने भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत लिहिली होती. एका बाजूला नऊ इंची, दुसऱ्या बाजूला सहा इंची भिंत, वर प्लॅस्टर. म्हणजे दहा फुटी खोली आतून सव्वानऊ फुटांवर येते. पलंगाची लांबी साडेसहा, कपाटाची खोली दोन. उरले नऊ इंच. कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर चढून उघडावं लागेल.

शिवाय खोल्या जोडायला साडेतीन फूट रुंद आणि सोळा फूट लांब पॅसेज. ५६ चौरस फूट. ठेकेदाराचा दर अंदाजे दोन हजार धरला तर एक लाख बारा हजार रुपये नुसते चालायला. बायको म्हणाली, तेवढ्यात माझं मॉड्युलर किचन होईल. नकाशा परत दिला, पैसे गेले.

आईला तो कागद दाखवला तर तिने उलटा धरला. मग म्हणाली, "खण किती आहेत?" तिचं माहेर सिन्नरकडचं, धाब्याचं पाच खणांचं घर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घराची ऐपत खणांत मोजायची. मी म्हटलं, आता आरसीसी असतं, खण नसतात. तिने कागद घडी करून टीव्हीवर ठेवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

नकाशा कुठून सुरू करायचा कळेना, म्हणून कारखान्यातली युक्ती वापरली. मशिनची मांडणी बदलायची असेल तर आधी माल कुठून कुठे फिरतो ते आठवडाभर मोजतात. घरात माल म्हणजे माणसं. दाराशेजारी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता केला आणि थोरलीला रेघा ओढायला बसवलं. तिने प्रोजेक्ट समजून मनापासून केलं.

आजचा आकडा: मागच्या दारातून आईच्या फेऱ्या ३१. पहाटे नळ आला की पाणी भरायला, मग तुळस, भांडी, धुणं, भाज्यांची देठं टाकायला, पुन्हा वाळलेले कपडे उलटवायला, मांजराला हाकलायला. अण्णा सकाळी साडेसात ते साडेदहा पुढच्या पायरीवर, पेपर आणि येणारे-जाणारे. बायको ओटा-फ्रिज-सिंक या तीन टोकांत, मोजणं सोडून दिलं. आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसलेले पाहुणे? अख्ख्या आठवड्यात दोन. त्यातला एक गॅस सिलेंडरवाला, तोही पावती करेपर्यंत टेकलेला.

पहिल्या नकाशात मागचं दार नव्हतंच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आता रीतसर आर्किटेक्ट घेतल्या. गंगापूर रोडला ऑफिस. मॅडमनी पहिल्या भेटीत खोल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. रस्ता कुठे, ऊन कुठून, पाणी किती वाजता, कोणाचे गुडघे दुखतात. तक्ता दाखवला तर त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

समोर तीन मीटर, बाकी तिन्ही बाजूंना दीड मीटर सोडून घर बसवायचं ठरलं. राहिलं नऊ बाय साडेतेरा मीटर, सुमारे साडेएकोणतीस फूट बाय चव्वेचाळीस. कागदावर मोठं वाटतं. त्यात गाडी, जिना, चार खोल्या आणि सहा माणसं.

उन्हाचं त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण मला ते इतकी वर्षं उलटंच वाटत होतं. मी दक्षिणेच्या भिंतीला घाबरत होतो. पण नाशिक २० अक्षांशावर. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला की ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेला कललेला, साधारण ४६ अंशांवर. छज्जाखालून खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून आत शिरतो. आपल्याकडची थंडी काही लुटूपुटीची नसते. पारा दहाच्या खाली गेला की ते ऊन हवंच असतं. खरी वैरीण पश्चिमेची भिंत. दुपारी तीनपासून मावळेपर्यंत ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही, आणि भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. म्हणून पश्चिमेला माणसं झोपवायची नाहीत. तिथे जिना, बाथरूम, कपाटं. ऊन खायचं तर त्यांनी खावं.

रविवार, २३ फेब्रुवारी

मामा आले. येताना वास्तूचं पुस्तक घेऊनच. किचन आग्नेयेला, देवघर ईशान्येला, जिना पश्चिमेला किंवा दक्षिणेला, कर्त्या माणसाची खोली नैऋत्येला. मी भांडायच्या तयारीत होतो, पण मॅडमच्या कच्च्या आराखड्यात जिना पश्चिमेला होताच आणि किचन आग्नेयेला, कारण सकाळचं ऊन ओट्यावर यावं असं बायकोने मागितलं होतं. मामा खूश. मी गप्प.

अडलं नैऋत्येवर. आई-अण्णांची खोली तिथे, असं मामांचं म्हणणं, आणि ती तर घरातली सगळ्यात तापणारी जागा. बराच वेळ 'अहो पण' आणि 'अरे पण' झालं. शेवटी मॅडमना फोन लावला. त्यांनी दोन मिनिटांत मिटवलं: खोली नैऋत्येलाच, पण पश्चिमेची पूर्ण भिंत अंगातल्या कपाटांची, आणि खिडकी दक्षिणेला. कपाटातल्या गोधड्यांना उन्हाचा काही त्रास नाही.

शनिवार, ८ मार्च

खड्डा घेतला. जेसीबी तासाच्या हिशेबाने. वरचे साडेचार फूट काळी माती, मग पिवळसर मुरूम, सात फुटांच्या खाली दात लागेना. स्ट्रक्चरवाल्या साहेबांनी मातीचा गोळा करून हातात चुरगाळला आणि म्हणाले, "ही पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. फाउंडेशन कठीण मुरमातच." जोत्याच्या आतलीही काळी माती काढून मुरूम भरायचा, नाहीतर दोन वर्षांत फरशी पोकळ वाजते. सिडकोच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग मी लहानपणापासून पाहतोय. दर दिवाळीला बुजवायची, उन्हाळ्यात परत उघडायची. आज तिचं कारण कळलं.

रविवार, १६ मार्च

बाथरूम.

ही नोंद टाळत होतो. तीन वर्षांपूर्वी अण्णा बाथरूममध्ये घसरून पडले. दार आत उघडणारं, आणि ते दारालाच टेकून पडलेले. ढकलावं तर त्यांनाच लागत होतं. शेवटी मी आणि शेजारच्या पोराने पटाशीने बिजागऱ्या उचकटल्या. अर्धा तास. आतून अण्णा सांगत होते, "घाई करू नका, मी ठीक आहे," आणि आवाज ठीक नव्हता.

त्यामुळे खालच्या बाथरूमचं दार बाहेर उघडणार. तीन फुटी, नेहमीचं अडीच फुटी नाही. आतलं माप साडेपाच बाय आठ, ओला भाग आणि कोरडा भाग वेगळा, मध्ये उंबरा नाही, फक्त उतार. कमोडशेजारच्या भिंतीत बार बसवायला वीट भरीव ठेवायची. मॅडम म्हणाल्या, खोलीत कुठेतरी पाच फुटांचं वर्तुळ मोकळं ठेवा, चाकाची खुर्ची वळायला तेवढं लागतं. अण्णा लगेच, "कोणाला लागतेय खुर्ची?" वर्तुळ नकाशात ठेवलं, नाव घातलं नाही.

रॅम्पचा हिशेब मात्र जीव खाणारा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. अण्णांना जोतं अडीच फूट हवं, म्हणजे तीस फुटी रॅम्प. घराच्या रुंदीपेक्षा जास्त. तडजोड: जोतं रस्त्यापासून दोन फूट. गेटपासून पोर्चपर्यंतच्या दहा फुटांत जमीनच एक फूट चढवायची, गाडीला काही वाटत नाही. उरलेला एक फूट पोर्चच्या भिंतीलगत बारा फुटी रॅम्पने. पहिला टप्पा थोडा खडा आहे, मागून ढकलायला माणूस लागेल. माणसं आहेत.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

आईला प्लॉटवर गुढी उभारायची होती. आम्ही सोबत फक्कीची गोणी, खुंट्या, सुतळी आणि टेप नेली. मेस्त्रींनी तीन-चार-पाचचा काटकोन लावून कोपरे धरले आणि दोन तासांत अख्खा तळमजला पांढऱ्या रेषांत जमिनीवर. दारांच्या जागी रेषा तुटलेली.

आई गुढीची पूजा उरकून आली आणि सरळ हॉलमध्ये उभी राहिली. कागद उलटा धरणारी बाई. इकडे तिकडे पाहिलं, मग किचनकडे चालायला लागली. चप्पल काढून! रेषांच्या आत घर आहे ना. किचनमधून निघाली, तिच्या खोलीत जायला हॉलला वळसा घालून आली आणि थांबली.

"पहाटे पाच वाजता मी दूध तापवायला उठणार. ह्या पोरांच्या मित्रांवरून उड्या मारत जाऊ का?"

आराखड्यात तिची खोली आणि किचन यांच्यामध्ये मागे आठ फूट रुंदीचं एक अंगण आत घेतलं होतं, धुणं-भांड्यांसाठी. त्याला दार फक्त किचनमधून. आई त्या अंगणात उभी राहिली, डावीकडे स्वतःच्या खोलीची रेषा होती, आणि तिने पायाने फक्की पुसली. तीन फूट. "इथं दार दे."

एवढंच. खोली, अंगण, किचन. हॉल लागतच नाही. एकतीसच्या एकतीस फेऱ्या त्या आठ फुटांत बसतात. मॅडमना जागेवरूनच फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "काकूंना सांगा, माझ्याकडे नोकरी आहे."

घरी आल्यावर आईने विचारलं, हे खण किती झाले. कॉलमच्या रेषा मोजल्या. तीन रुंदीत, चार लांबीत. "मग आहेत की खण," म्हणाली.

शुक्रवार, ११ एप्रिल

शरमेची गोष्ट, पण लिहायची. मोजणी झाली. लेआउटमध्ये प्लॉट १२ मीटर रुंद. जागेवर भरला ११.८५. पूर्वेच्या बाजूने सहा इंच कमी. रोज व्हर्नियर हातात धरणारा मी माणूस, आणि प्लॉट न मोजता तीन महिने नकाशा काढत बसलो. सातबाऱ्यावर २.१६ आर, म्हणजे तेच २१६ चौरस मीटर, वाचलं आणि विश्वास ठेवला. कंपनीत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर सुनावलं असतं.

सहा इंच कुठून कापायचे यावर जेवताना जी सभा झाली ती महापालिकेत होत नसेल. किचन आणि अंगण यांच्यातून कापलं तर ओट्यासमोर दोन माणसं एकमेकींना घासणार. आईची खोली कापली तर वर्तुळ बसत नाही. आई म्हणाली, हॉलमधून काप, तिथे कोण बसतंय. अण्णा तापले: "२०२७ला सिंहस्थ आहे. माणसं कुठं निजवशील?" २०१५च्या कुंभात आमच्या त्या चार खोल्यांत पर्वणीच्या रात्री चौदा जण होते, दोन जण जिन्यात. खरं आहे.

मार्ग मॅडमनी काढला. पुढे हॉल पूर्वेला, पोर्च पश्चिमेला. पोर्च दहा फुटांचा साडेनऊ केला, गाडी बसते, फक्त एका बाजूचं दार पूर्ण उघडणार नाही. मागे सहा इंच गेले ते आईच्या खोलीतल्या कपाटांतून. चोवीस इंचांची कपाटं अठराची झाली. हँगर आडवे नाहीत, समोरासमोर लावायचे. हॉल वाचला. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यातली भिंतही काढली, पडदा. कुंभात एकच मोठी पंगत.

रविवार, २० एप्रिल

जिना. मजल्याची उंची दहा फूट म्हणजे १२० इंच. अठरा पायऱ्या केल्या तर एकेक पावणेसात इंचांच्या आसपास. वीस केल्या तर नेमकी सहा. आईच्या गुडघ्यांसाठी वीस, दहा-दहाच्या दोन ओळी, पाऊल ठेवायला दहा इंच. त्यासाठी सात फूट बाय अकरा फूट जागा गेली. जाऊ दे.

आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट वर जाणार का हा प्रश्न धाकट्याने काढला. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. पुठ्ठ्याचं कपाट आणि पुठ्ठ्याचाच जिना करून त्याने दाखवलं: चढतं, पण वळणावर उभं करून फिरवावं लागतं, आणि वरच्या बीमला एक इंच राहतो. मेस्त्रींचा एक इंच आणि माझा एक इंच यांत फरक असतो. कपाट खालीच ठेवायचं ठरलं.

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय तृतीया

भूमिपूजन. नारळ, कुदळ, सगळे आले. मामांनी ईशान्येचा कोपरा दोनदा तपासला.

बुधवार, २१ मे

या दिवसांत नाशकात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली पडत नाही. थोरलीला प्लॉटवर काठी रोवून ते पाहायचं होतं. दक्षिणेच्या छज्जाचा हिशेबही पडताळता आला असता. पण सूर्यच नाही. मे महिन्यातच धो धो पाऊस लावलाय. गावाकडे काकांचा कांदा शेतात भिजला. सकाळी फोन आला तेव्हा घराबद्दल बोलायची लाज वाटली.

रविवार, २५ मे

पाऊस थोडा थांबला तसे प्लॉटवर गेलो. फक्की पूर्ण वाहून गेलेली, खुंट्या तेवढ्या उभ्या. खड्ड्यात छातीइतकं पाणी. पण जे कागदावर कधी दिसलं नसतं ते दिसलं: सगळ्या प्लॉटचं पाणी नैऋत्येकडून येऊन बरोबर आईच्या अंगणाच्या जागी साचत होतं. खुंट्यांमध्ये डबकं, चौकोनी म्हणावं असं.

मेस्त्रींनी पहार टेकवून खोली पाहिली. पाच इंच. अंगणाची फरशी जोत्यापेक्षा चारच इंच खाली घ्यायची, बाकी भराव. दक्षिणेच्या दीड मीटरच्या पट्टीत उघडी गटार, तिचा उतार पूर्वेकडून रस्त्याकडे. गच्चीचं पाणी मात्र गटारीत सोडायचं नाही. पाऊसपाण्याच्या टाकीची सक्ती ५०० चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटना आहे, आपला अर्ध्याहून कमी, तरी करायची. गच्ची १२० चौरस मीटरच्या आसपास, पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ६५ हजार लिटर निघतं. सगळं साठवता येणार नाही. दहा हजारांची टाकी पोर्चखाली, पुढचं शोषखड्ड्यात.

आणि चेंबर. संडासाच्या लाइनचं चेंबर मॅडमनी मागच्या अंगणात दाखवलं होतं, तुळशीपासून चार फुटांवर. आईला अजून सांगितलेलं नाही. गाडीत बसल्याबसल्याच मॅडमना फोटो पाठवला: चेंबर पश्चिमेच्या पट्टीत, बाथरूमच्या भिंतीमागे. पाइप नऊ फुटांनी वाढतो. त्या म्हणाल्या, ठीक आहे, एवढा बदल करून गुरुवारी फाइल ऑनलाइन चढवते, सातबारा, एन.ए. आणि मोजणीचा नकाशा पुन्हा एकदा स्कॅन करून द्या. आधीचा स्कॅन वाकडा आला होता.